विनंती थांबा

मी धाडच्या शाळेत मराठी शिकवते आणि राहते बुलढाण्यात, धाड रस्त्यावरच्या अगदी शेवटच्या वस्तीत. म्हणजे धाडला जाणारी सकाळची बस माझ्या दारावरूनच जाते. यात रडण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. रडण्यासारखं एवढंच होतं, की ती दारात थांबत नसे. मग मी काय करायची, तर रिक्षा करून उलटी गावात जायची, स्टँडवर त्या बसमध्ये बसायची, आणि ती बस मला घेऊन पुन्हा माझ्याच घरासमोरून निघायची. गॅलरीत सासूबाई उभ्या असत. त्या हात हलवत, मी खिडकीतून हात हलवायची. शेजारच्या सीटवरच्या बाईनं एकदा विचारलं, "ओळखीचं हाय का कोनी?" मी म्हटलं, "माझंच घर आहे." त्यानंतर धाड येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

हे सगळं कशासाठी, असं नवरा दर शनिवारी विचारायचा. तो संभाजीनगरकडे एका कंपनीत आहे, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. माणूस वाईट नाही, पण त्याच्याकडे माझ्या प्रत्येक अडचणीवर एकच औषध असे: "सोड ती शाळा अन् या दोघी तिकडं." माझी शाळा अंशतः अनुदानित. सरकारचं अनुदान टप्प्याटप्प्यानं येतं, म्हणून पगारही टप्प्याटप्प्यानं वाढतो, आणि पूर्ण पगाराचा टप्पा कधी लागेल हे कंडक्टरलाही सांगता येणार नाही. पण ती नोकरी माझी होती. बिनपगारी वर्षं काढून मी ती टिकवली होती आणि आता कुठं हातात काही पडू लागलं होतं. घर सुटलं असतं तर एवढ्या कमी किरायात बुलढाण्यात दुसऱ्या दोन खोल्या मिळाल्या नसत्या, आणि मग शाळाही सुटली असती. मग मी कंपनीच्या पाळ्यांप्रमाणे डबे भरत बसले असते. ते मला नको होतं. मला ही शाळा आणि हे घर, दोन्ही ठेवायचं होतं.

आम्ही इथं आलो तेव्हा या जागेला वस्ती म्हणणंही जास्तच होतं. रस्त्याच्या कडेला घरमालकांचं दुमजली घर, मागं आणि शेजारी सोयाबीन, पुढं अर्ध्या किलोमीटरवर दगडाची खाण. घरमालक एका सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांनी हौसेनं घर बांधलं, वरच्या दोन खोल्या किरायासाठी काढल्या आणि किरायदाराची वाट बघत बसले. इतक्या लांब येतंय कोण? अंधार पडला की रिक्षावाले तिकडं यायला कुरकुरत. आम्ही खोल्या बघायला गेलो तेव्हा काकांनी चहा पाजला, काकूंनी गरम पोहे केले आणि दुसऱ्याच दिवशी किल्ली आमच्या हातात दिली. ते प्रेमाचे लोक होते, हे मी आजही म्हणते. पुढं जे सांगणार आहे त्यानं ते खोटं ठरत नाही.

मग शेजारचं सोयाबीन गेलं. आधी चुन्याच्या रेघा पडल्या, मग बोअरचं मशीन आलं आणि पुढच्या दिवाळीपर्यंत आमच्या भिंतीला भिंत लावून चार मजल्यांची अपार्टमेंट उभी राहिली. तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. राहायला बँकेतले लोक आले, कोर्टातले आले, आणि खेड्यापाड्यातून मुलांच्या शाळा-क्लासेससाठी म्हणून आया आल्या, ज्यांचे नवरे गावी शेती किंवा दुकान सांभाळत. माणसं आली याचा मला आनंदच होता. रात्री खिडक्यांत उजेड दिसायला लागला, कोपऱ्यावर किराणा झाला. बिल्डरनं रस्त्यावर मोठा फलक लावला. त्यावर लिहिलं होतं: थंड हवा, मुबलक पाणी, बसथांब्यालगत, प्रस्तावित रेल्वेपासून जवळ. थंड हवा खरी. पाण्याबद्दल न बोललेलं बरं. रेल्वे आमच्या जिल्ह्यात घाटाखालून जाते; घाटावर ती माझ्या लहानपणापासून प्रस्तावितच आहे, त्यामुळे तिच्यापासून सगळेच सारखे जवळ आहेत. राहिला बसथांबा. तो मी शोधत होते.

आमच्याकडं घराचाही किराया असतो आणि बसचाही किरायाच. शब्द एक असला की माणसं दोन्हींचा हिशेब एकत्र करायला लागतात. एका संध्याकाळी काका जिना चढून वर आले, खुर्चीत बसले आणि पंख्याकडं बघत म्हणाले, "मॅडम, येत्या करारनाम्याले किराया थोडा वाढवा लागन."

त्यांचा तो थोडा जवळजवळ दुप्पट निघाला.

"एवढा कशामुळं काका?"

"एरिया सुधरला ना आता. बस दारात हाय."

"बस दारावरून जाते काका. थांबत नाही."

"आज नाई थांबत, उद्या थांबन. एरियाचा किराया पुढचं पाहून असते."

म्हणजे मी रिक्षाचे पैसे भरून उलटी गावात जायचं आणि न थांबणाऱ्या बसचा किराया इथं काकांना द्यायचा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण काका वयानं मोठे, आणि तेवढ्यात सासूबाईंनी त्यांच्यापुढं चहा ठेवला, म्हणून मी गप्प बसले. ते खाली गेल्यावर मात्र मी सासूबाईंना म्हटलं, "थांब्याचा किराया द्यायचा असेल तर थांबा आणल्याशिवाय मी राहत नाही."

थांबा तसा होता, पण खाणीपाशी. खाण चालू होती तेव्हा दगड फोडणारी माणसं तिथं चढत-उतरत, म्हणून तिथं पत्र्याची पाटी होती: विनंती थांबा. खाण बंद पडली, माणसं गेली, पाटी राहिली. सुरुवातीला मी काही दिवस तिथं उभी राहून पाहिलं, पण ड्रायव्हरला वाटे की रानातलं कुणी तरी उगाच उभं आहे. इकडं आमच्या वस्तीसमोर उभं राहिलं तर पाटी नाही, शिवाय चढ, म्हणून तो गिअर न बदलता निघून जाई. त्याचीही चूक नव्हती. थांबा खाणीसाठी होता आणि माणसं आता इकडं राहत होती.

एकदा धाडच्या बाजाराच्या दिवशी सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडे जायचं होतं. मला सुट्टी होती. मी त्यांना घेऊन पाटीपर्यंत चालत गेले. सासूबाई साखरखेर्ड्याकडच्या. लग्नानंतर सासऱ्यांनी त्यांना पाटी-पेन्सिल घेऊन वाचायला शिकवलं, तेव्हापासून रस्त्यावर दिसेल ते अक्षर त्या मोठ्यानं वाचतात. दुकानांची नावं, ट्रकच्या मागची वाक्यं, भिंतीवरच्या औषधांच्या जाहिराती, काही सोडत नाहीत. तिथंही त्यांनी वाचलं, "विनंती. थांबा." मग पदर सारखा केला, पिशवी खाली ठेवली आणि बस दिसताच रस्त्याच्या कडेला येऊन दोन्ही हात जोडून उभ्या राहिल्या.

बस करकचून थांबली. ड्रायव्हर हसत म्हणाला, "आजी, हात काऊन जोडता? नुसता हात दाखवा ना."

"इथं लिहेल हाय ना बाबा, विनंती करा म्हून," सासूबाई म्हणाल्या. "विनंती का एका हातानं होते?"

अख्खी बस हसली. मी कानशिलापर्यंत लाल झाले. मराठीच्या बाईंची सासू, आणि नामाची आज्ञा करून बसली. थांबा हे नाम, विनंतीवरून थांबण्याची जागा, असं मी त्यांना सीटवर बसल्या बसल्या समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू कितीक दिवस त्या नामापाशी उभी राहत होती, बस थांबली का कधी?"

पत्र्याच्या पाटीवर स्वल्पविराम नसतो. नसलेला स्वल्पविराम त्यांनी घातला आणि बस थांबली.

पुढं जे झालं त्यानं मी आणखी चिडले. ही गोष्ट वस्तीत पसरली. शेजारच्या अपार्टमेंटमधल्या बायका आमच्या घरासमोरच, चढावर, हात जोडून उभ्या राहू लागल्या. आधी गंमत म्हणून, मग सवय म्हणून. पाटी नसताना, चढ असताना ड्रायव्हर थांबू लागले. एकानं तर म्हटलं, "तुमच्या वस्तीतल्या बाया लई संस्कारी हायेत." मी मात्र हात जोडले नाहीत. माझ्या माहेरी हात जोडायची एक जागा ठरलेली होती, ती म्हणजे विहार. वडील शाळेत शिपाई होते, सगळ्यांशी नमून बोलत, पण साहेबापुढं त्यांचे हात कधी जोडले गेले नाहीत. "काम सांगा, करतो," म्हणायचे, "हात जोडाले कशाले लावता?" ते माझ्यात मुरलेलं आहे. मी हात लांब करून उभी राहायची. बायका असल्या तर त्यांच्या विनंतीवर मी चढायची, एकटी असले तर बस निघून जायची. सासूबाई गॅलरीतून बघत आणि संध्याकाळी म्हणत, "आज गेली वाटते तुह्यी बस."

"मी भीक मागणार नाही, आई."

"भीक नोको मागू. पण मंग उभीच राहा."

मी उभीच राहत होते, हे खरं होतं. शाळेत उशीर होऊ लागला आणि हेडमास्तरांनी एकदा घड्याळाकडं बघून नुसता चष्मा पुसला. करारनाम्याचे दिवस जवळ येत होते. तेव्हा मी विचार केला की दुप्पटच द्यायचे तर काकांनाच का? शेजारच्या अपार्टमेंटमध्ये पहिल्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा होता. 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी गॅलरीला बांधलेली होती. काकांच्या नव्या किरायात आणि त्या फ्लॅटच्या किरायात फारसा फरक नव्हता, वर लिफ्ट आणि संडास आतमध्ये. बसला माझ्याबरोबर असणाऱ्या एका बाईंनी मालकाचा नंबर दिला. मालक पुण्याला असत. फोनवर फार गोड बोलले. शिक्षिका म्हटल्यावर अजूनच गोड झाले. किती माणसं, मांसाहार करता का, महिन्याच्या कितव्या तारखेला पगार होतो, सगळं विचारलं. मग म्हणाले, "आणि आडनाव काय म्हणालात?"

मी म्हणाले नव्हते. मी सांगितलं.

मग म्हणाले, "बरं बरं. घरी विचारून कळवतो."

त्यांनी कळवलं नाही आणि मीही पुन्हा फोन केला नाही. पाटी पुढं कितीतरी दिवस तिथंच होती. मी रोज सकाळी तिच्याखाली उभी राहून बसची वाट बघायची आणि माझ्या अंगाचा जाळ व्हायचा. मला आश्चर्य वाटलं नव्हतं, राग आला होता. आश्चर्य फक्त एका गोष्टीचं वाटलं, ती मला इतकी वर्षं सुचली नव्हती. काकांनी आम्हाला खोल्या दिल्या तेव्हा इथं यायला कुणी तयार नव्हतं. बस थांबत नव्हती, तोवर आमचं आडनाव चालत होतं.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या गवार मोडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "सांगतलं ते बरं केलं. लपवून गेलो असतो तं तिथं रोज लपवा लागलं असतं."

त्या रात्री नवऱ्याचा फोन आला. मी सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणून म्हणतो, या इकडं." मी म्हटलं, "तिकडं आडनाव बदलून मिळतं का?" तो म्हणाला, "काय करायचं ठरवलंस?" मी म्हटलं, "इथंच राहायचं." हे ठरवायला मला वेळ लागला नाही. कसं राहायचं हे तेवढं ठरवायचं होतं.

मी आगारात गेले. तिथले साहेब तरुण होते आणि माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी सरळ. त्यांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "खाणीजवळचा थांबा रिकामा पडलाय, तो पुढं-मागं करता येईल. पण चढावर गाडी रस्त्यात उभी नाही करता येत. डाव्या अंगाला सपाट जागा पाहिजे. आहे?"

डाव्या अंगाला दोन जागा होत्या. एक काकांच्या घरापुढची मोकळी पट्टी. दुसरी अपार्टमेंटपुढची, जिथं बिल्डरनं कुंड्या मांडल्या होत्या. मी दोन्ही सांगितल्या.

"कुठलीही चालेल. जागामालकाचं हरकत नाही असं पत्र आणा, वस्तीतल्या लोकांच्या सह्या आणा. आणि थांब्याला नाव काय द्यायचं?"

नावाचा प्रश्न मी वस्तीत नेला आणि पस्तावले. अपार्टमेंटच्या गेटवर मीटिंग झाली. एका निवृत्त गृहस्थांना बिल्डरच्या स्कीमचं नाव हवं होतं, कारण त्यानं म्हणे फ्लॅटला किंमत येते. दुसऱ्या इमारतीवाल्यांना त्यांच्या स्कीमचं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला देवाचं नाव हवं होतं, त्याचंच दुकानाला होतं. काका म्हणाले, आपलं घर सगळ्यात जुनं. दोन तास घोडं तिथंच पेंड खात राहिलं. सह्या मात्र सगळ्यांनी केल्या, कारण थांबा सगळ्यांना हवा होता. नावाची ओळ मी रिकामी सोडून दिली.

आता जागेचं पत्र. बिल्डरच्या माणसाला मी विचारलं तर तो खुर्चीतून उठला. त्याचे वरचे मजले अजून विकले गेले नव्हते. फलकावर आधीच छापलेला थांबा खरा होत असेल तर तो कुंड्या दुपारपर्यंत हलवायला तयार होता. पत्र त्यानं त्याच दिवशी लिहून दिलं. ते पर्समध्ये ठेवून मी काकांकडं गेले. सासूबाई म्हणाल्या, मीही येतो, आणि चप्पल घालून माझ्या आधी जिना उतरल्या.

काका अंगणात बसले होते. पुढच्या पट्टीवर त्यांना दोन गाळे काढायचे होते, त्याच्या विटाही येऊन पडल्या होत्या. त्यांना थांब्याची बातमी कळलेली होती आणि ते खुशीत होते. "करा मॅडम, आपल्याच दारापुढं करा. पत्र देतो." मग जरा पुढं वाकून, आवाज उतरवून म्हणाले, "अन् किरायाचं मनावर घेऊ नोका. आपले घरगुती संबंध हायेत. तुम्हाले दुसरीकडं मिळनं जरा अवघड जाते, हे मले समजते ना. म्हून तं सांगून राह्यलो, वाढ द्या अन् राहा."

ते हे प्रेमानंच बोलले. तेच मला सगळ्यात जास्त झोंबलं. पुण्याचा माणूस फोन ठेवून मोकळा झाला होता. काका ते जाणत होते आणि त्याची किंमत लावत होते. माझा आवाज चढेल अशी मला भीती होती, पण तो चढला नाही.

मी म्हटलं, "अवघड जातं, खरं आहे काका. म्हणूनच मी दुसरीकडं जाणार नाही. पण दुप्पटही देणार नाही. रीतीप्रमाणं जी वाढ होते ती देईन, आणि करारनामा अकरा महिन्यांचा नको, तीन वर्षांचा, रजिस्टर केलेला. हे बिल्डरचं पत्र. उद्या मी आगारात जाणार आहे. थांबा कुणाच्या दारात यायचा ते तुम्ही आज सांगा."

काकांनी पत्र वाचलं. हेडक्लार्क होते, सही-शिक्का आधी बघितला. मग त्यांनी विटांकडं बघितलं. "मॅडम, तुम्ही तं मले कोंडीत पकडून राह्यल्या. आजी, तुम्ही सांगा हिले. थोडं समजून घ्या म्हना. विनंती हाय माही."

सासूबाई म्हणाल्या, "विनंती बसगाडीले असते, भाऊ. घराले करारनामा असते."

काकू दारात उभ्या होत्या. त्या हसल्या आणि आत गेल्या. काकांनी पत्राची घडी घालून मला परत दिली आणि मान हलवली.

"आणखी एक," मी म्हटलं. "खाली फाटकावर आमची पाटी लागेल."

मी इतका वेळ त्यासाठीच दम धरला होता. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात नवऱ्यानं पाटी करून आणली होती, आणि काका म्हणाले होते, पाटीची काय गरज, पोस्टमन ओळखते ना. आम्हालाही गरज पडली नाही, कारण आम्ही नवे होतो आणि खोल्या स्वस्त होत्या. ती पाटी इतकी वर्षं कपाटावर पालथी पडून होती. काकांनी माझ्याकडं बघितलं, मग फाटकाकडं. त्यांना आठवलं असावं. म्हणाले, "लावा."

करारनामा झाला. तीन वर्षांचा. काका सहीच्या वेळी जरा फुगलेले होते, पण बाहेर येऊन त्यांनीच उसाचा रस पाजला. थोड्याच दिवसांत आगाराची माणसं आली, फाटकाशेजारी खांब रोवला आणि खाणीवरची तीच पाटी रंगवून त्यावर ठोकली. विनंती थांबा. नावाची जागा रिकामी. त्याच दुपारी मी आमची पाटी फाटकावर लावली, काळ्या दगडावर पांढरी अक्षरं, नवऱ्याचं नाव, माझं नाव आणि खाली मोठं आडनाव. सासूबाई मुद्दाम रस्ता ओलांडून पलीकडं गेल्या आणि तिथून त्यांनी ती वाचून पाहिली. नीट दिसते म्हणाल्या.

मी आता दारात बसमध्ये चढते. हात लांब करते आणि बस थांबते. काकांच्या गाळ्यांपैकी एकात झेरॉक्स झालंय. बाकीच्या बायका अजूनही कधीकधी हात जोडतात, त्यांची मर्जी. नवरा शनिवारी आता त्याच थांब्यावर उतरतो आणि हल्ली 'सोड' म्हणत नाही.

एक मात्र मी ठरवलं नव्हतं. थांब्याला नाव नव्हतं, त्यामुळे कंडक्टरांची पंचाईत झाली. स्कीमची नावं त्यांच्या तोंडात बसेनात. बस थांबली की समोर दगडावर ठळक अक्षरं दिसत, ती त्यांनी उचलली. परवा शाळेतून परत येत होते. पुढच्या सीटवर ते मीटिंगमधले निवृत्त गृहस्थ होते, शेजारच्या अपार्टमेंटचे. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" त्यांनी स्कीमचं नाव सांगितलं. कंडक्टर म्हणाला, "ते कुठं आलं?" त्यांनी पुन्हा सांगितलं, थंड हवा, नवी बिल्डिंग, खाणीच्या पुढं. कंडक्टर मशीन घेऊन तसाच उभा. तेव्हा ते खिडकीकडं तोंड करून हळूच आमचं आडनाव म्हणाले. बसच्या आवाजात कंडक्टरला ते ऐकू गेलं नाही. त्यांना ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.